यारोच्या काड्या आणि दैवाचा प्रश्न

यारो ही सूर्यफुलाच्या कुलातील बहुवर्षायू ओषधी आहे. युरोपात, आशियाच्या थंड भागांत आणि उत्तर अमेरिकेत ती कुरणांत, रस्त्याच्या कडेला आणि पडीक जमिनीत आपोआप उगवते. भारतात ती काश्मीरपासून कुमाऊँपर्यंत हिमालयाच्या उतारांवर आढळते आणि युनानी हकीम तिला बिरंजासिफ म्हणतात. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये तिला ॲकिलिया मिलेफोलियम हे शास्त्रीय नाव दिले. त्याच ग्रंथात त्याने तिच्या जवळच्या आणखी एका जातीची नोंद केली, ती म्हणजे सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया आणि जपान या भागांत वाढणारी ॲकिलिया अल्पिना. चीनमध्ये तिला शित्साओ म्हणतात. तिच्या वाळलेल्या दांड्यांच्या काड्या करून त्यांच्याकडून शंकांची उत्तरे मागण्याची चाल तिथे अडीच हजार वर्षांहून जुनी आहे. यी चिंग हा चीनचा प्राचीन शकुनग्रंथ याच काड्यांच्या सोबतीने वाढला. त्यामुळे बागेच्या कोपऱ्यात मुकाट वाढणाऱ्या या वनस्पतीभोवती दैव, योगायोग आणि माणसाची जबाबदारी यांविषयीची एक लांबलचक चर्चा उभी राहिली. वाळलेल्या गवताला माणसाच्या पुढ्यात काय आहे ते कसे कळावे, हा त्या चर्चेचा गाभा आहे.

वनस्पतीपासूनच सुरुवात करणे योग्य, कारण तिच्या मानाचे कारण तिच्या वाढीतच दडलेले आहे. यारोला भरपूर ऊन लागते आणि पाण्याचा चांगला निचरा लागतो. याखेरीज तिचे काही मागणे नसते. शेणखताने भरलेल्या वाफ्यात ती लावली तर पाला माजतो, दांडे उंच पण लेचेपेचे होतात आणि फुलोऱ्याच्या भाराने पहिल्या जोरदार सरीतच आडवे पडतात. हलक्या, मुरमाड, जरा उपाशी जमिनीत तेच दांडे ताठ उभे राहतात. बी अतिशय बारीक असते आणि रुजायला त्याला उजेड लागतो, म्हणून ते मातीवर भुरभुरून हाताने नुसते दाबायचे, झाकायचे नाही. दोन रोपांत दीड फुटाचे अंतर ठेवले तरी दोन-तीन वर्षांत मधली जागा भरून जाते, कारण जमिनीखालची आडवी खोडे चहूकडे धावतात. हिवाळ्यात माती गोठली तरी मिलेफोलियम उणे तीस अंश सेल्सिअसच्या थंडीतून सहज निभावून जाते. तुंबलेले पाणी मात्र तिला सोसत नाही, मुळे कुजतात. तीन-चार वर्षांनी गड्ड्याचा मधला भाग निबर होऊन फुले कमी येऊ लागतात. तेव्हा सगळा गड्डा उकरून काढायचा, कडेचे जोमदार तुकडे नव्या जागी लावायचे आणि मधला भाग टाकून द्यायचा.

मिलेफोलियमचे पान पिसासारखे बारीक कातरलेले असते. अल्पिनाचे पान अरुंद, लांबट आणि कडेने कंगव्यासारखे दातेरी असते. दोन्हींची फुले पांढरी, लहान आणि दांड्याच्या टोकाशी सपाट झुबक्यात येणारी. अल्पिनाचा दांडा सरळ, पेन्सिलीहून बारीक, उभ्या कण्यांचा आणि वर फुलोऱ्यापाशीच फुटणारा असतो. वाळल्यावर तो हलका होतो, पण वाकत नाही. बोटांच्या बेचक्यांत धरून मोजण्यासाठी याहून सोयीची काडी शोधून मिळणार नाही.

बहुवर्षायू या शब्दाचा अर्थ इथे नीट ध्यानात घ्यावा लागतो. शरद ऋतू संपता संपता जमिनीवरचे सारे मरते. दांडे तपकिरी होतात, पाने झडतात. जमिनीखाली मात्र मूळ जिवंत असते आणि वसंतात पुन्हा नवे दांडे वर काढते, दर वर्षी आदल्या वर्षाहून अधिक. एका मुळातून निघालेला दांड्यांचा झुबका मोठा म्हणजे वनस्पतीचे वय मोठे, असा हिशेब शेतकऱ्याच्या डोळ्याला सहज करता येतो. प्राचीन चिनी लेखकांनी हाच हिशेब पार टोकाला नेला. शित्साओ शंभर वर्षे जगते तेव्हा एका मुळातून तिचे शंभर दांडे फुटतात, तिच्या मुळाशी दैवी कासव राखण करते आणि तिच्यावर ढगांचे छत्र असते, अशी समजूत हान काळात रूढ होती. सीमा च्येनच्या इतिहासग्रंथातील भविष्यकथनावरच्या प्रकरणात चू शाओसुन याने भर घातली, तिथे ही समजूत नोंदलेली आहे. पुढे त्याने अगदी व्यवहारी भाषेत सांगितले आहे की शंभर दांड्यांची, एक चांग लांबीची वनस्पती आता कुठे मिळत नाही. ऐंशी दांड्यांची आणि आठ छ लांबीचीही दुर्मीळ आहे. तेव्हा साठाहून अधिक दांडे आणि सहा छ लांबी असेल तर लोकांनी ती वापरावी. हान काळातील छ सुमारे २३ सेंटिमीटरचा, म्हणजे सहा छ हे सव्वा मीटरहून जास्तच झाले. अल्पिना सहसा एवढी वाढत नाही. दंतकथेच्या उंचीवरून प्रत्यक्ष उंचीवर उतरताना केलेली ही तडजोड फार बोलकी आहे. काडीचा मान तिच्या वयामुळे होता, आणि हव्या तितक्या वयाची काडी तेव्हाही हाती लागत नव्हती.

काड्यांच्या लांबीतही दर्जा होता. इ.स. पहिल्या शतकातील दरबारी चर्चेवर आधारलेल्या ‘पाय हू थुंग’ या ग्रंथात सम्राटासाठी नऊ छ, सरदारांसाठी सात, उच्च अधिकाऱ्यांसाठी पाच आणि सामान्य अधिकाऱ्यांसाठी तीन छ लांबीच्या काड्या सांगितल्या आहेत. आजही शांतुंग प्रांतातील चूफू येथे कन्फ्यूशियसच्या समाधीच्या परिसरात वाढणाऱ्या शित्साओला विशेष मान आहे. हनान प्रांतातील ह्वाययांग येथे, यी चिंगच्या मूळ आकृत्या ज्याच्या नावावर सांगितल्या जातात त्या फूशीच्या समाधीमागे, या वनस्पतीची राखलेली बागच आहे.

काड्यांचा विधी असा. पन्नास काड्या घ्यायच्या. त्यांतली एक बाजूला ठेवायची. ती विधी संपेपर्यंत हलवायची नाही. उरलेल्या एकोणपन्नास काड्या हाताने, न मोजता, दोन ढिगांत विभागायच्या. उजव्या ढिगातली एक काडी डाव्या हाताची करंगळी आणि अनामिका यांच्यामध्ये धरायची. मग डावा ढीग चार-चारने मोजून काढायचा. शेवटी एक ते चार काड्या उरतात, त्या पुढच्या बेचक्यात धरायच्या. उजव्या ढिगाचेही तसेच करायचे. बोटांत धरलेल्या सगळ्या काड्यांची बेरीज पाच किंवा नऊच येते. त्या बाजूला ठेवून उरलेल्या काड्यांवर हीच क्रिया आणखी दोनदा करायची. या दोन्ही वेळी बेरीज चार किंवा आठ येते. तीन फेऱ्यांनंतर काड्या उरतात त्या छत्तीस, बत्तीस, अठ्ठावीस किंवा चोवीस. या संख्येला चाराने भागले की नऊ, आठ, सात किंवा सहा हा आकडा मिळतो आणि त्यावरून एक रेघ काढायची. विषम आकडा आला तर अखंड रेघ, सम आला तर तुटकी. सहा आणि नऊ या पालटत्या रेघा. त्या आपल्या विरुद्ध रूपात जायला निघालेल्या असतात. तळापासून वर सहा रेघा रचल्या की चौसष्टांपैकी एक आकृती पुरी होते. त्यासाठी एकूण अठरा फेऱ्या लागतात आणि सरावाच्या हातालाही वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात.

यी चिंगला जोडलेल्या ‘महाभाष्यात’ या प्रत्येक हालचालीला विश्वाच्या रचनेशी जोडले आहे. दोन ढीग म्हणजे आकाश आणि पृथ्वी. बोटांत धरलेली एक काडी म्हणजे त्या दोघांमधला तिसरा घटक. चार-चारने मोजणे म्हणजे चार ऋतू. उरलेल्या काड्या म्हणजे चांद्र आणि सौर वर्षांचा मेळ घालणारा अधिक महिना. सहाही रेघा नऊच्या असलेल्या आकृतीला सहा वेळा छत्तीस, म्हणजे २१६ काड्या लागतात आणि सहाच्या रेघांच्या आकृतीला १४४. दोन्हींची बेरीज ३६०, म्हणजे ढोबळमानाने वर्षाचे दिवस. अधिक मासाचा हिशेब बोटांवर करणाऱ्या मराठी वाचकाला ही गुंफण परकी वाटणार नाही. बाजूला ठेवलेल्या पन्नासाव्या काडीवर वांग पी (२२६–२४९) या अवघ्या तेविसाव्या वर्षी वारलेल्या भाष्यकाराने जे म्हटले आहे, ते या सगळ्या परंपरेतले सर्वांत खोल विधान मानावे लागेल. ती काडी वापरली जात नाही, म्हणूनच बाकीच्या वापरता येतात. ती मोजली जात नाही, म्हणूनच मोजणी पुरी होते. सगळ्या अस्तित्वाचा आधार स्वतः अस्तित्वात असलेली आणखी एक वस्तू असू शकत नाही, हा त्याचा विचार त्याने एका काडीत पाहिला.

या भव्य मांडणीवर आक्षेप घेणारेही चीनमध्ये पहिल्यापासून होते. चौ घराण्याचा राजा वू शांग घराण्यावर चालून निघाला तेव्हा शकुन वाईट आला. त्याचा सेनापती थाय कुंग याने काड्या दूर सारल्या, कासवाचे कवच पायाखाली तुडवले आणि वाळक्या हाडाला व मेलेल्या गवताला शुभाशुभ काय कळते, असे विचारले. ही कथा वांग चुंग (जन्म इ.स. २७) याने ‘लुन हंग’ या आपल्या ग्रंथात दिली आहे. वांग चुंग स्वतः कडक युक्तिवादी होता. आकाश आणि पृथ्वी यांना विचारायचे, तर ऐकायला त्यांना कान हवेत. उत्तर द्यायचे, तर तोंड हवे. काडी आणि कवच ही तर मेलेली आहेत. जिवंत माणसाने जिवंत विश्वाचा निरोप मेलेल्या वस्तूकडून का मागावा? त्याच ग्रंथात कन्फ्यूशियस आणि त्याचा शिष्य त्झलू यांचा एक संवाद येतो. डुकराच्या खांद्याच्या किंवा मेंढीच्या हाडावरही शकुन पाहता येतो, गवताच्या काडीवरही पाहता येतो. मग शित्साओ आणि कासवच कशाला, असे शिष्य विचारतो. गुरूचे उत्तर साधे आहे. ही दोन्ही दीर्घायुषी आहेत, आणि शंका असेल तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारावे. हा संवाद खरोखर घडला असेल किंवा नसेल, पण उत्तर फार नेमके आहे. काडीला भविष्य दिसते असा दावा त्यात नाही. तिचे मूळ पुष्कळ हिवाळे पाहून उभे आहे, आणि तिच्यापुढे बसताना माणसाने तसे बसावे, एवढेच त्यात आहे.

इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातील शुन्त्से हा विचारवंत याच दिशेने आणखी पुढे गेला. पावसासाठी प्रार्थना करतात, मोठ्या निर्णयाआधी काड्या मोजतात. यातून काही हाती लागते म्हणून हे करायचे नसते, तर निर्णयाला साजेसे गांभीर्य यावे म्हणून करायचे असते, असे त्याचे मत होते. जाणता माणूस यात संस्कृती पाहतो, सामान्य माणूस देवत्व पाहतो. ज्याला यी चिंग खरोखर समजला त्याला काड्यांची गरज उरत नाही, असेही त्याच्या ग्रंथात म्हटले आहे. ‘शू चिंग’ या जुन्या संग्रहातील ‘हुंग फान’ या प्रकरणात याच वृत्तीला राज्यकारभाराचे रूप आले आहे. राजाला मोठी शंका आली तर त्याने पाचांचे मत घ्यावे: स्वतःचे मन, मंत्री, प्रजा, कासवाचे कवच आणि काड्या. ही मते जुळली किंवा फुटली तर काय करायचे, याचे तपशीलवार निवाडे तिथे आहेत. काड्यांना मत आहे, नकाराधिकार नाही. आणि राजाच्या मनालाही एकच मत आहे, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची.

कौल ही गोष्ट कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसाला सांगावी लागत नाही. देवाच्या मूर्तीला पाकळ्या किंवा कळे चिकटवून गुरव गाऱ्हाणे घालतो आणि कळा कोणत्या बाजूने पडतो त्यावरून होकार-नकार ठरतो. यारोच्या काड्यांचा विधी इथेच वेगळा पडतो. काड्यांतून होय किंवा नाही येत नाही. येते ती चौसष्टांपैकी एक परिस्थिती, तिच्यातल्या पालटत्या रेघा आणि त्यांना जोडलेली काही तुटक, प्राचीन वचने. ती आपल्याला लागू कशी होतात हे विचारणाऱ्याला ठरवावे लागते. म्हणून काड्यांचा खरा इतिहास हा त्या वाचणाऱ्या माणसांचा इतिहास आहे, आणि ‘त्सो च्वान’ या इतिवृत्तात अशा वाचनांच्या नोंदी विखुरलेल्या आहेत.

त्यांतली सर्वांत थोर नोंद लू राज्यातील मू च्यांग या राजमातेची आहे. एका सरदाराशी संबंध ठेवून तिने राज्यातल्या बड्या घराण्यांविरुद्ध कारस्थान रचले. ते फसले आणि तिला पूर्वेच्या महालात बंदिवासात ठेवले गेले. तिथे जाताना तिने काड्यांनी शकुन पाहिला. दैवज्ञाने आकृती पाहून सांगितले की ही ‘स्वेई’ आहे, हिच्यात बाहेर पडण्याचा अर्थ आहे, तेव्हा राजमाता लवकरच सुटतील. मू च्यांगने नकार दिला. स्वेईच्या वचनात चार सद्गुण सांगितले आहेत आणि ते असतील तरच दोष नाही असे म्हटले आहे. तिने ते चारही एकेक करून स्वतःला लावून पाहिले: आपण अराजकाला हातभार लावला, राज्याला शांती दिली नाही, आपल्याच कृतीने स्वतःचे वाटोळे केले, आपले स्थान सोडून कामवासनेच्या मागे गेलो. यातला एकही गुण आपल्यापाशी नाही, तेव्हा ही आकृती आपल्याला लागू होत नाही. आपण इथेच मरणार. इ.स.पूर्व ५६४ मध्ये ती त्याच महालात मरण पावली.

दैवज्ञाचा हेतू वाईट नव्हता. त्याने शकुन रीतीप्रमाणे वाचला. फरक असा की त्याने आकृतीकडे पाहिले आणि तिने आकृतीच्या समोर स्वतःला उभे केले. शुभ शकुन आपला नाही म्हणून परत करणारी अशी दुसरी व्यक्ती धर्मेतिहासात सापडायला बराच शोध घ्यावा लागेल. तिच्या कारस्थानांचे समर्थन करण्याचे कारण नाही, पण या एका क्षणाची तिची प्रामाणिकता तिच्या सगळ्या निंदकांना पुरून उरते.

याच्या उलट बाजूची नोंद इ.स.पूर्व ५३० ची आहे. लू राज्यातीलच नान ख्वाई हा कारभारी आपल्या धन्याविरुद्ध बंड करू पाहत होता. त्याला ‘खुन’ या आकृतीची पाचवी रेघ मिळाली. तिचे वचन पिवळ्या अधोवस्त्राविषयी आणि परम मंगलाविषयी आहे. काय करणार आहे ते न सांगता त्याने ती त्झफू ह्वेपो या जाणकाराला दाखवली. त्याने सांगितले की काम निष्ठेचे असेल तर चालेल, नसेल तर ते फसणार. अपायाच्या कामासाठी यी चिंग वापरता येत नाही. नान ख्वाईचे बंड फसले आणि तो शेजारच्या छी राज्यात पळाला. काड्या खोट्या ठरल्या असे इतिवृत्त म्हणत नाही. मंगल वचनाला अट होती आणि ती अट विचारणाऱ्याच्या चारित्र्यात होती.

शकुन वाचण्याची ही पद्धत सर्वांचीच होती असे मानले तर चूक होईल. १९८७ मध्ये हूपे प्रांतातील बाओशान येथे शाओ त्वो नावाच्या छू राज्यातील अधिकाऱ्याची कबर उघडली गेली. त्याचा दफनविधी इ.स.पूर्व ३१६ मधला. कबरीतल्या बांबूच्या पट्ट्यांवर त्याच्या अखेरच्या काही वर्षांतल्या शकुनांच्या नोंदी आहेत. काही कासवाच्या कवचाने पाहिलेले, काही काड्यांनी. काड्यांचे निकाल आकड्यांच्या दोन-दोन रांगांनी लिहिलेले. सुरुवातीला विचारणा नोकरीतल्या वर्षाची आहे, पुढे आजाराची. दर वेळी उत्तर साधारण सारखेच येते: दूरवर पाहता शुभ, थोडीशी चिंता, ती टाळण्यासाठी अमुक पूर्वजाला, अमुक दैवताला बळी द्यावा. शेवटच्या पट्ट्यांपर्यंत दैवज्ञ शुभच सांगत राहतात. इथे मू च्यांगसारखा स्वतःचा झाडा नाही. इथे आजारी माणूस आहे आणि त्याला धीर देऊ पाहणारे लोक आहेत. धर्माचा मोठा भाग जगात सर्वत्र असाच असतो, आणि वांग चुंगच्या तर्कापुढे तो टिकत नसला तरी त्याला तुच्छ लेखणे निर्दयपणाचे होईल.

बाराव्या शतकात जू शी (११३०–१२००) या विचारवंताने काड्यांचा प्रश्न पुन्हा मुळापासून घेतला. तोवर विद्वान यी चिंगकडे निव्वळ तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून पाहू लागले होते आणि काड्यांची रीत विस्मरणात चालली होती. जू शीने ठामपणे सांगितले की हा ग्रंथ मुळात शकुनासाठीच रचला गेला, आणि ते विसरून त्याचा अर्थ लावला तर तो वाकडा लागतो. त्याने व त्याचा शिष्य-मित्र त्साय युआनतिंग याने जुन्या तुटक उल्लेखांवरून काड्यांचा विधी पुन्हा जुळवला; आज जगभर चालतो तो हाच. ११९५ मध्ये खुद्द जू शीवरच शकुन पाहण्याची पाळी आली. दरबारात हान थ्वोचौ या सत्ताधाऱ्याचा जोर होता आणि जू शीने त्याच्याविरुद्ध कडक अर्ज लिहून ठेवला होता. शिष्यांनी विनवण्या केल्या, तो ऐकेना. अखेर त्सायने सुचवले की काड्यांना विचारावे. आकृती निघाली ‘दुन’, म्हणजे माघार. जू शीने काही न बोलता मसुदा जाळला आणि पुढे स्वतःला माघारीचा म्हातारा म्हणवून घेतले. त्याच्या विचारांना ‘खोटी विद्या’ ठरवणारी मोहीम तरीही आली. ज्याने काड्यांचा आग्रह धरला त्या त्सायला हद्दपारी झाली आणि ११९८ मध्ये तो तिथेच वारला.

काड्यांनी जू शीला संकटातून वाचवले असे म्हणता येत नाही. दुसऱ्या बाजूला, शिष्यांच्या विनवण्यांपुढे न नमलेला हा माणूस शकुनापुढे नमला, ही गोष्टही खरी. माणसाच्या रागाला, हट्टाला आणि न्याय्य संतापालाही बाजूला सारून त्याला थांबवू शकेल असे काहीतरी त्याच्या स्वतःच्या बाहेरचे असावे लागते. काड्यांचे न मोजता केलेले दोन ढीग हे असे बाहेरचे आहे, कारण त्यांत कोणाचीही इच्छा चालत नाही. यी चिंगमधील ‘मंग’ या चौथ्या आकृतीच्या वचनाचा आशय असा की पहिल्या प्रश्नाला उत्तर मिळते, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे म्हणजे अवमान. मनाजोगते उत्तर येईपर्यंत काड्या मोजायची मुभा असती, तर विधीत अर्थच उरला नसता.

पुढच्या काळात तीन नाण्यांची सोपी रीत काड्यांपेक्षा जास्त रूढ झाली. दोन्हींचे गणित सारखे नाही. नाण्यांनी सहा आणि नऊ येण्याची शक्यता समसमान, प्रत्येकी सोळांत दोन. ढीग साधारण समान पडतात असे धरले तर काड्यांनी सहा सोळांत एकदा येतो, नऊ तीनदा, सात पाचदा आणि आठ सातदा. म्हणजे काड्यांच्या हिशेबात अखंड रेघ तुटकीहून तिप्पट वेळा पालटते. नाण्यांत हा भेद पुसला जातो. १९५० मध्ये रिखार्ट विल्हेल्मने केलेल्या यी चिंगच्या जर्मन भाषांतराची इंग्रजी आवृत्ती आली. तिच्या प्रस्तावनेत मानसशास्त्रज्ञ कार्ल युंगने प्रत्यक्ष ग्रंथालाच त्याच्या प्रकाशनाविषयी प्रश्न विचारला, तोही नाण्यांनीच. मनातली अवस्था आणि बाहेर पडलेले नाणे यांच्यात कार्यकारण नसले तरी अर्थाचा मेळ असू शकतो, अशी त्याची मांडणी होती. ती आकर्षक आहे, पण मू च्यांगच्या प्रश्नाला ती स्पर्श करत नाही. मेळ आहे की नाही हे तिने विचारले नव्हते. आपण त्या वचनाच्या लायकीचे आहोत का, हे तिने विचारले होते.

दैवाचा प्रश्न विसाव्या शतकात याच वनस्पतीला पुन्हा विचारला गेला, या वेळी काड्या न करता. कार्नेगी संस्थेतील येन्स क्लाउसेन, डेव्हिड केक आणि विल्यम हीसी यांनी कॅलिफोर्नियात समुद्रकिनाऱ्यापासून सिएरा नेवाडाच्या माथ्यापलीकडे यारोची रोपे गोळा केली आणि ती स्टॅनफर्ड (सुमारे ३० मीटर), मॅथर (१,४०० मीटर) आणि टिंबरलाइन (३,०५० मीटर) या तीन उंचींवरच्या बागांत शेजारी शेजारी लावली. त्यांचा अहवाल १९४८ मध्ये आला. उंच पर्वतावरून आणलेली रोपे किनाऱ्याजवळच्या उबदार बागेतही बुटकीच राहिली. म्हणजे जन्माबरोबर आलेले काहीतरी होते. पण त्यांनी आणखी एक गोष्ट केली. एकाच रोपाचा गड्डा फोडून त्याचे तीन भाग तिन्ही बागांत लावले, बागायतदार दर तीन-चार वर्षांनी फोडतो तसाच. बीज तेच, उंची वेगवेगळी. तेव्हा दिसले की एका बागेत सर्वांत उंच वाढणारे रोप दुसऱ्या बागेत सर्वांत उंच असेलच असे नाही. एका उंचीवर लागलेला क्रम दुसऱ्या उंचीवर मोडला, आणि पहिल्या बागेतला क्रम पाहून दुसऱ्या बागेतला सांगता आला नाही.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड लिवाँटिन याने पुढे हे आलेख वारंवार पुढे केले. रोपाचे किती टक्के बीजामुळे आणि किती टक्के मातीमुळे, असा प्रश्नच चुकीचा आहे, हे त्याला त्यांतून दाखवायचे होते. बीज आणि जागा यांच्या भेटीतून रोप घडते. त्या भेटीआधी दोहोंपैकी एकाच्याच आत उंची लिहिलेली नसते. त्झफू ह्वेपोने नान ख्वाईला दिलेले उत्तर याच आकाराचे होते: तीच रेघ एका माणसाच्या हाती मंगल ठरते, दुसऱ्याच्या हाती विनाशाची. लिवाँटिनचे म्हणणे वनस्पतीपुरते आहे आणि माणसाच्या जबाबदारीविषयी ते काही सिद्ध करत नाही. माणसाजवळ रोपाहून एक गोष्ट जास्त आहे. समोर आलेले वचन आपल्याला लागू पडते की नाही, हे तो स्वतःला विचारू शकतो, आणि पूर्वेच्या महालात शिरताना एका स्त्रीने ते विचारलेही.